सगळे शब्द बरोबर, अर्थ उलटा

हेडफोन लावले असतील तर उत्तम, कारण आजचा एपिसोड ऐकण्याबद्दलच आहे. आणि ज्यांना बसमध्ये आवाज ऐकू येत नाही म्हणून तुम्ही हे वाचताय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा पूर्ण मजकूर.

नवीन लोकांसाठी पटकन ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, आता सहा वर्षं होतील. गाव मालवणच्या बाजूचं. माझं काम बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. व्हिडिओखाली जी सबटायटल्स पळतात ना, ती आधी मशीन लिहितं, मग एखादा माणूस तपासतो. मी कोड लिहितो, पण टीम छोटी असल्यामुळे कधीकधी तपासायलाही बसतो. आज जी चूक सांगणार आहे, ती अशीच तपासायला बसलो असताना झालेली.

झालं असं. आमच्याकडे काही जुन्या मुलाखतींचं काम आलं. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची म्हातारी माणसं, बहुतेक सगळी मच्छीमार घरांतली. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केलेल्या होत्या आणि आम्हाला त्यांची इंग्रजी सबटायटल्स करायची होती. मला वाटलं, इंग्रजीच आहे, किती अवघड असणार?

पहिली फाइल लावली आणि दोन मिनिटांत कळलं की मला निम्मंसुद्धा समजत नाहीये.

एका आजीची मुलाखत होती. ती लहानपणीची एक रात्र सांगत होती. वडील बोट घेऊन समुद्रात गेलेले, बाहेर वादळ, आई खिडकीशी उभी. आणि आई एक वाक्य बोलते. ते मी तुम्हाला जसं ऐकू आलं तसं सांगतो: ‘आय डूट हीज ने कमिन हेम.’

मशीनने लिहिलं: ‘आय डाउट हीज नॉट कमिंग होम.’ मी परत ऐकलं. डूट म्हणजे डाउट, ने म्हणजे नॉट, हेम म्हणजे होम. सगळे शब्द जुळले. मी मनात मशीनला शाबासकी दिली. मग इंग्रजीच्या हिशोबाने अर्थ लावला. तो येणार नाही याबद्दल मला शंका आहे. म्हणजे तिला वाटतंय, तो येईल. दोन नकारांमुळे वाक्य जरा वाकडं वाटत होतं, म्हणून मी ते ‘सोपं’ केलं. सबटायटलमध्ये लिहिलं: ‘मला वाटतं, तो घरी येईल.’ फाइल बंद, पुढची फाइल.

काही दिवसांनी त्या आजींच्या घरून निरोप आला. त्यांच्या नातीने सबटायटल्स बघितली होती. भांडण नव्हतं, दोनच ओळी होत्या. तिचं म्हणणं असं की माझ्या पणजीला त्या रात्री कळलं होतं की तो येणार नाही. तुम्ही लिहिलंत की तिला आशा होती.

मंडळी, मी ती फाइल परत उघडली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो.

तर भानगड काय आहे? इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे ‘हे खरं नसावं’ असं वाटणं. स्कॉट्समध्ये ‘डूट’ म्हणजे ‘हे होणार असं दिसतंय’, आणि बहुतेक वेळा त्यात भीती असते. कोणी आभाळाकडे बघून म्हणालं की ‘आय डूट इट्ल रेन’, तर त्याला पाऊस येणार असं वाटतंय. छत्री घ्या! आपल्या मराठीत तुम्ही म्हणाल, ‘मला शंका येतेय, हा आज पण उशीर करणार.’ इथे शंका म्हणजे ‘नाही’ नव्हे, उलट ‘बहुतेक हो, आणि ते मला आवडलेलं नाही’. डूट अगदी तसा. म्हणजे ती बाई म्हणत होती, ‘तो काही आता घरी येत नाही गं.’ आणि तो आलाच नाही.

मला ‘शंका येणे’ लहानपणापासून माहीत. तरी मी इंग्रजी वाक्य बघितलं आणि इंग्रजीच्याच चष्म्यातून वाचलं.

आता जरा टेक्निकल बोलू, कारण यात एक मस्त गंमत आहे आणि ती आमच्या धंद्याला लागू पडते.

बोलण्याचा मजकूर किती चुकला हे मोजायला आम्ही ‘वर्ड एरर रेट’ वापरतो. सोपं गणित आहे. माणसाने लिहिलेला बरोबर मजकूर घ्या. मशीनने किती शब्द बदलले, किती गाळले, किती जास्तीचे घातले, त्यांची बेरीज करा. तिला बरोबर मजकुरातल्या एकूण शब्दांनी भागा. झालं.

आता तेच वाक्य घ्या. आय, डूट, हीज, ने, कमिन, हेम. सहा शब्द. बरोबर मजकूर तुम्ही स्कॉट्स स्पेलिंगमध्ये लिहिला असेल, तर मशीनचे डाउट, नॉट, कमिंग, होम हे चार शब्द चुकीचे. सहात चार, म्हणजे ६७ टक्के चूक. भयंकर! पण बरोबर मजकूरच तुम्ही प्रमाण इंग्रजीत लिहून ठेवला असेल, तर चूक शून्य टक्के. डॅशबोर्डवर हिरवा टिक. आणि वाचणाऱ्याला अर्थ मिळतो थेट उलटा.

म्हणजे एकच मशीन, एकच वाक्य, आणि आकडा ६७ किंवा शून्य. दोन्ही आकडे त्या आईला काय म्हणायचं होतं हे सांगत नाहीत. ‘आमचं सॉफ्टवेअर ९५ टक्के अचूक’ असं कोणी सांगितलं की मी आता आधी विचारतो, बरोबर मजकूर कोणी लिहिला? त्याला ती बोली येत होती का?

मशीन असं का करतं, तेही सांगतो. मशीन फक्त आवाज ऐकत नाही, अंदाजही बांधतं. या आवाजानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेल्या मजकुरावरून ठरवतं. जो शब्द त्याने लाखो वेळा बघितलाय, तिकडे ते ओढलं जातं. हे कीबोर्डच्या ऑटोकरेक्टसारखंच. तुम्ही मालवणीत ‘आसा’ लिहिता, तो ‘आशा’ करून ठेवतो. व्हिस्पर हे मॉडेल २०२२ मध्ये आलं, ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, स्कॉट्स नाही. यादीत भाषाच नसेल तर तो आवाज जाणार कुठे? इंग्रजीच्या खात्यात.

आणि हा फक्त माझा एकट्याचा अनुभव नाही. २०१७ मध्ये रेचल टॅटमन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी यूट्यूबची आपोआप येणारी कॅप्शन्स तपासली. पाच ठिकाणचे इंग्रजी बोलणारे, एकूण ८० जण. ठिकाणं होती कॅलिफोर्निया, जॉर्जिया, न्यू इंग्लंड, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड. स्कॉटलंडच्या लोकांच्या बाबतीत अचूकता कमी निघाली. बायकांच्या आवाजातही कमी निघाली. स्कॉटलंडमधली आजी, म्हणजे बघा दोन्हीकडून मार! यूट्यूबवरच ‘बर्निस्टन’ नावाच्या स्कॉटिश विनोदी मालिकेतलं एक स्किट आहे, २०१० चं. दोन माणसं आवाजावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतात. ‘इलेव्हन, इलेव्हन’ ओरडतात, लिफ्टला कळतच नाही. बघाच. आधी हसाल, मग आपल्या गावाकडचे काका कॉल सेंटरच्या मशीनशी बोलताना आठवतील.

बरं, स्कॉट्स म्हणजे नक्की काय? ‘बिघडलेली इंग्रजी’ का? नाही. स्कॉट्स आणि इंग्रजी या बहिणी आहेत. दोघीही जुन्या इंग्रजीतून आलेल्या, पण वेगळ्या वाटांनी वाढलेल्या. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या दरबारात आणि कायद्याच्या कागदांत स्कॉट्स चालायची. १६०३ मध्ये त्यांचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि लंडनला गेला. १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या. मोठं होण्याची भाषा हळूहळू इंग्रजी झाली आणि स्कॉट्स घरची, शेतातली, बोटीवरची राहिली. शाळेत मुलांना ‘नीट बोल’ म्हणून दटावलं जायचं. ओळखीचं वाटतंय ना?

पण ती संपली नाही. जनगणनेत स्कॉट्सबद्दल पहिल्यांदा विचारलं ते २०११ मध्ये. २०२२ च्या जनगणनेत तीन वर्षांवरच्या ४६.२ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला स्कॉट्स थोडीफार तरी येते, म्हणजे बोलता, वाचता, लिहिता किंवा निदान समजता येते. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. एक मात्र लक्षात ठेवा, गेलिक वेगळी. ती केल्टिक कुळातली, स्कॉट्सची बहीण नव्हे.

आता कामाचं बोलू. त्या चुकीनंतर मी कान कसा तयार केला?

पहिलं म्हणजे, लिहायच्या आधी ऐका. फाइल लावायची, हात कीबोर्डवरून काढायचे आणि दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. प्रत्येक बोलीचे स्वर एका ठरावीक पद्धतीने सरकलेले असतात. ती पद्धत सापडली की निम्मं काम झालं. स्कॉट्समध्ये हाउसचं होतं हूस, आउटचं ऊट, डाउनचं डून. म्हणूनच डाउटचं डूट. यात बिघाड काहीच नाही, उलट हूस हा जुना उच्चार आहे. दक्षिणेत इंग्रजीचे लांब स्वर काही शतकांत सरकले, ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. उत्तरेत तो ‘ऊ’च राहिला. तसंच होमचं हेम, स्टोनचं स्टेन. ऑलचं आ, बॉलचं बा, कारण शेवटचा ल गळतो. नाइटचं निख्त, घशातून ख काढून.

इथे आपल्याला एक फायदा आहे बरं का. स्कॉटिश माणूस र स्पष्ट म्हणतो, शब्दाच्या शेवटीसुद्धा. ‘गो’ आणि ‘डे’ तो जवळजवळ आपल्यासारखाच सरळ म्हणतो, लंडनवाल्यांसारखा शेवटी वळवत नाही. पहिल्या आठवड्यानंतर मला तर लंडनच्या बातम्यांपेक्षा त्या आज्या जास्त स्पष्ट ऐकू यायला लागल्या.

दुसरं, गाव कोणतं ते विचारा. स्कॉट्स सगळीकडे एकसारखी नाही. ईशान्येकडच्या बोलीला डोरिक म्हणतात. तिथे प्रश्नाच्या शब्दांमधल्या सुरुवातीच्या आवाजाचा फ होतो. व्हॉट म्हणजे फिट, व्हेअर म्हणजे फार, व्हेन म्हणजे फॅन, हू म्हणजे फा, हाउ म्हणजे फू. ‘फिट लाइक?’ म्हणजे ‘कसं काय?’ मशीनने एका ठिकाणी ‘फार’ हा शब्द ‘लांब’ या अर्थाचा समजून वाक्य लिहिलं होतं, तर बिचारे आजोबा विचारत होते, ‘कुठे निघालास?’ डोरिकमध्ये मुलगा म्हणजे लून आणि मुलगी म्हणजे क्वाइन. इंग्रजीत लून म्हणजे वेडा! आमच्याकडे झील आणि चेडू म्हणतात ना, तसंच आहे ते. लहान मुलाला डोरिकमध्ये बेर्न म्हणतील, ग्लासगोत वेन.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. अनोळखी शब्दाला घाबरू नका, ओळखीच्या शब्दाला घाबरा. ‘ड्रीख’ ऐकलं की कोणीही थांबतो, शोधतो आणि त्याला कळतं की ढगाळ, ओलसर, कंटाळवाणी हवा. तिथे चूक होत नाही. चूक होते ती ‘मेसेजेस’ला. ‘मी मेसेजेस आणायला चाललोय’ म्हणजे वाणसामान आणायला. ‘पीस’ म्हणजे सँडविच. ‘माइंड’ म्हणजे आठवणं. ‘तू कुठे स्टे करतोस’ म्हणजे तुझं घर कुठे, चार दिवसांचा मुक्काम नव्हे. ग्लासगोकडे ‘हाउ?’ म्हणजे कित्येकदा ‘का?’. ‘द मॉर्न’ म्हणजे उद्या. ‘बॅक ऑफ नाइन’ म्हणजे नऊ वाजून थोडा वेळ झाल्यावर. हे सगळे शब्द मशीन बरोबर लिहील. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. आणि तुम्ही निवांत पुढे जाल, जसा मी गेलो.

चौथं, शब्दकोश वापरा, अंदाज नको. ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ ऑनलाइन आहे, फुकट आहे. त्यात दोन मोठे कोश एकत्र शोधता येतात. ग्लासगो विद्यापीठाच्या स्कॉट्स कॉर्पसमध्ये रेकॉर्डिंग आणि मजकूर शेजारी शेजारी मिळतात, कानाला सराव करायला एकदम झकास. पण इंटरनेटवर जे दिसेल ते घेऊ नका. २०२० मध्ये उघडकीला आलं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घेऊन शब्द बदललेले. हेतू वाईट नव्हता, पण असा मजकूर कोणी मशीनला शिकवायला वापरला, तर मशीन काय शिकेल? खोटी स्कॉट्स.

पाचवं, दोन ओळी ठेवा. एक ओळ माणूस जसं बोलला तशी, दुसरी ओळ अर्थाची. पहिल्या ओळीला हात लावायचा नाही. मी नेमकं हेच केलं नव्हतं. मी मूळ वाक्य पुसून माझा अर्थ तिथे बसवला. मूळ वाक्य तसंच असतं, तर तिथला कोणीही वाचून म्हणाला असता, अरे, अर्थ चुकलाय. मी पुरावाच पुसला होता. आणि कळलं नाही तर सरळ वेळ टाकून ‘अस्पष्ट’ लिहा. अस्पष्ट लिहिलेलं नंतर कोणीतरी दुरुस्त करतो. आत्मविश्वासाने लिहिलेलं चुकीचं वाक्य कोणी तपासत नाही.

पुढे काय झालं ते सांगतो. मी त्या नातीला उत्तर लिहिलं, माफी मागितली आणि विचारलं, अजून कुठे चुकलंय का? तिने पूर्ण फाइल तिच्या आईबरोबर बसून बघितली आणि अकरा ठिकाणं काढून दिली. अकरा! त्यातल्या नऊ ठिकाणी शब्द बरोबर होते. मग मी टीममध्ये भांडून एक नियम करून घेतला. बोलीतलं काम असेल, तर त्या भागातला एक तरी माणूस ते बघणार, आणि त्याला त्याचे पैसे मिळणार. मॅनेजरला हे पटायला वेळ लागला, कारण डॅशबोर्ड हिरवा होता. मी त्यांना ते सहा शब्द दाखवले. ६७ आणि शून्य. मग पटलं.

सबटायटलमध्ये आता वरची ओळ तिच्या आईच्या शब्दांत आहे. खालच्या ओळीत साधं इंग्रजी: मला भीती वाटतेय, तो काही घरी येत नाही.

आता हे सगळं मी तुम्हाला मराठीत का सांगतोय? कारण त्या दिवाळीत गावाला गेलो तेव्हा मी आजीला बोलतं केलं आणि फोन समोर ठेवून चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. होड्या, पाऊस, माझ्या पणजोबांच्या गजाली. रात्री हौसेने ते मशीनला दिलं, भाषा मराठी निवडून. तिने विचारलं होतं, ‘रे झिला, खंय गेल्लंस?’ मशीनने लिहिलं, ‘काय गेलास’. तिने सांगितलं, ‘तो घरात आसा’. म्हणजे तो घरात आहे. मशीनने लिहिलं, ‘तो घरात आशा’.

आशा! मंडळी, तेव्हा मला तो निरोप आठवला. फरक एवढाच की या वेळी चुका मला दिसत होत्या, कारण ही माझी बोली. माझ्यानंतर कोणाला दिसतील, माहीत नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जे काही बोललं जात असेल, त्यातल्या एका मोठ्या माणसाचं दहा मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा. मशीनला द्यायचं तर द्या, पण मग त्यांच्या शेजारी बसून स्वतः लिहा. वरची ओळ त्यांची, खालची ओळ तुमची. आणि जो शब्द सगळ्यात सोपा वाटेल, तिथेच थांबून विचारा, ‘आजी, म्हणजे काय गं?’

मी माझ्या चाळीस मिनिटांपैकी सोळा मिनिटं लिहून काढलीत. उरलेली मे महिन्यात, तिच्यासमोर बसून. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि नीट ऐका!